देवळाली : विसावा आणि वाट पाहणे

मुंबईहून नाशिककडे निघालेली गाडी कसाऱ्याला थांबली की तिला जादा इंजिने जोडली जातात आणि थळ घाटाची चढण सुरू होते. दर ३७ फुटांना १ फूट अशी ही चढण पार करून १८६५ साली रेल्वे इगतपुरीला पोहोचली आणि घाटमाथ्यावरची गावे मुंबईकरांच्या आवाक्यात आली. इगतपुरी, घोटी, अस्वली, लहवित ही स्थानके मागे पडली की नाशिक रोडच्या अगदी अलीकडे देवळाली येते. मुंबईपासून अंतर सुमारे १८० किलोमीटर. बहुसंख्य प्रवाशांना पुढे नाशिक, त्र्यंबक वा शिर्डी गाठायची असते, त्यामुळे त्यांचे या लहान स्थानकाकडे लक्षही जात नाही. येथे उतरणाऱ्यांत मात्र साठी ओलांडलेली जोडपी पुष्कळ असतात. त्यांच्यापैकी काही आठ दिवसांच्या हवापालटासाठी आलेली असतात, तर काही मुंबईतील चाळीस वर्षांचा संसार आवरून कायमची राहायला आलेली असतात. दोहोंच्या सामानात फारसा फरक नसतो. मनात मात्र असतो.

येथील हवा ही देवळालीची पहिली मालमत्ता. गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर, दारणेच्या खोऱ्यालगत आहे. सह्याद्रीचा कडा पावसाळी ढग अडवतो, म्हणून इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तेथून जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरील नाशिक परिसरात तो सातशे मिलिमीटरच्या आसपास राहतो. जुलै महिन्यात ज्याच्या गोदामातील मालाला बुरशी धरते, त्या व्यापाऱ्याला या कोरड्या हवेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. परंतु घर दाखवणारी मंडळी एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा चाळीस अंशांना टेकतो आणि जानेवारीच्या पहाटे तो दहा अंशांच्या खाली उतरतो. दमेकऱ्याने येथे जानेवारीत राहून पाहावे आणि उन्हाचा त्रास असणाऱ्याने मे महिन्यात. बहुतेक जण दिवाळीनंतरच्या सुखद दिवसांत येतात, भाळतात आणि बयाणा देऊन मोकळे होतात.

हे गाव वसले ते लष्करामुळे. १८६० च्या दशकात ब्रिटिशांनी येथे छावणी उभारली. भारतातील नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक येथे आणून ठेवले जात आणि मुंबईहून जहाज मिळाले की त्यांना मायदेशी धाडले जाई. सैनिकांची ने-आण करणारी जहाजे साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळातच ये-जा करीत. ज्याची मुदत मार्चनंतर संपे, त्याला पुढच्या हंगामापर्यंत देवळालीत बसून राहावे लागे. कवायत नाही, काम नाही, करमणूक नाही. वर उन्हाळा, हिवताप आणि दारू. कित्येकांची डोकी फिरली. त्या अवस्थेला सैनिकांनी 'देवळाली' या गावाच्या नावाचा अपभ्रंश आणि आपल्याकडचा 'ताप' हा शब्द जोडून नाव दिले. पुढे 'ताप' गळाला आणि 'डूलाली' हा भ्रमिष्ट या अर्थाचा शब्द इंग्रजी शब्दकोशात कायमचा बसला. लंडनच्या रस्त्यावर हा शब्द वापरणाऱ्या कित्येकांना आपण नाशिक जिल्ह्यातील एका गावाचे नाव घेत आहोत, याची कल्पनाही नसते.

त्याच गावात एका टेकडीवर खंडोबाचे देऊळ आहे. मणी-मल्ल दैत्यांचा संहार केल्यावर खंडोबा येथे विसाव्याला आले अशी कथा सांगतात आणि म्हणून टेकडीला विश्रामगड म्हणतात. एकाच गावाबद्दल दोन आठवणी अशा राहिल्या आहेत. कार्य संपवून आलेल्या देवाला येथे विसावा मिळाला आणि कार्य संपलेल्या सैनिकाला येथे वेड लागले. हवा दोघांना तीच होती. सैनिकाचे चित्त न आलेल्या जहाजात अडकले होते, एवढाच काय तो फरक.

रेल्वे, छावणीचे रुंद रस्ते आणि कोरडी हवा यांमुळे मुंबईचे पारशी, गुजराती, सिंधी, कच्छी आणि मारवाडी व्यापारी देवळालीकडे वळले. क्षयावर खात्रीचे औषध नव्हते तेव्हा चांगली हवा, दूध आणि विश्रांती हीच चिकित्सा असे. निरनिराळ्या समाजांनी आपापली आरोग्यभवने बांधली. 'सॅनिटोरियम' हा शब्द व्यापारी घराण्यांतील आजीबाईंच्या तोंडी 'सेनेटोरियम' होऊन रुळला. ओळीने खोल्या, पुढे ओसरी, मागे स्वयंपाकाची जागा, आवारात चिंच किंवा कडुनिंब आणि जवळच जिनमंदिर किंवा अग्यारी. मे महिन्यात कुटुंबे पत्र्याच्या पेट्या, स्टोव्ह आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन येत. पुरुष शनिवारी येत आणि सोमवारच्या गाडीने पेढीवर परत जात. आज ज्यांनी सत्तरी गाठली आहे, त्या पुष्कळांचे बालपण या आवारांत सायकल शिकण्यात गेले आहे. निवृत्तीसाठी गाव निवडताना ते देवळालीचे नाव घेतात, त्याचे मूळ या आठवणीत असते.

सुट्टीचे गाव आणि राहण्याचे गाव यांत अंतर असते, हे समजायला एक पावसाळा पुरतो. पहिले तीन महिने घर लावण्यात जातात. पाणी कोणत्या वेळी येते, दूधवाला कोण, दाढीदुखीला वैद्य कुठला, गॅसची टाकी किती दिवसांत मिळते, यांत माणूस गुंतलेला असतो. सकाळी लॅम रोडने फेरी, मंदिर, नाश्ता, वर्तमानपत्र. कधी तोफखाना विद्यालयाच्या सरावाचे आवाज दूरवरून येतात. फाळणीपूर्वीच काकूलहून हे विद्यालय येथे आले. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपणाऱ्यांची वस्ती आणि देशाच्या तोफखान्याची शाळा शेजारी शेजारी नांदतात, हे देवळालीतच पाहावे. बाजारातही असाच एक योग आहे. ज्या जिल्ह्याच्या लासलगावला देशातील कांद्याची प्रसिद्ध बाजारपेठ आहे, तेथे येऊन ही मंडळी कांदा सोडून सर्व काही घेतात. द्राक्षांच्या दिवसांत मात्र ती कसर भरून निघते.

काही गोष्टी येथे विनासायास साधतात. मुंबईत रात्री नऊला घरी पोहोचणाऱ्या व्यापाऱ्याला चौविहार पर्युषणापुरताच जमतो. देवळालीत सूर्यास्तापूर्वी ताट वाढणे अवघड नाही, कारण घरातून कुठे जायचेच नसते. सामायिकासाठी अठ्ठेचाळीस मिनिटे चोरावी लागत नाहीत. लॅम रोडवरील कहाननगरात स्वाध्यायाची शिबिरे भरतात. महामार्गावर विल्होळीचे धर्मचक्र तीर्थ आहे आणि म्हसरूळला गजपंथ हे सिद्धक्षेत्र आहे. मुंबई आणि नाशिक यांच्यामध्ये पायी विहार करणाऱ्या साधुसाध्वींच्या वैयावच्चासाठी हातपाय धड असलेल्या निवृत्तांची गरज नेहमीच असते. कोणी पहाटे विहारात सोबत चालतो, कोणी गोचरीची घरे दाखवतो, कोणी औषधांची तजवीज करतो. ज्याने अशा एखाद्या कामाला स्वतःला जोडून घेतले, तो लवकर रुळतो. स्त्रिया या बाबतीत पुरुषांच्या फार पुढे असतात. मंदिरातील दोन पूजांमध्ये त्यांच्या दहा ओळखी होतात आणि महिन्याभरात त्यांचे मंडळ जमते. पुरुष त्याच काळात शेजाऱ्याला 'आपली लाइन कोणती?' एवढेच विचारून थांबलेला असतो.

अवघड काळ सुरू होतो तो सहाव्या महिन्याच्या सुमारास. मुळजी जेठा मार्केटमध्ये किंवा मस्जिद बंदरला चाळीस वर्षे गादीवर बसलेल्या माणसाची सकाळ अकरा वाजता आपोआप जागी होते. त्या वेळी हात फोनकडे जातो. आज उठाव कसा आहे, अमक्याचे पैसे आले का, तमक्याला उधारी का दिली? आता तर दुकानातील कॅमेऱ्याचे चित्र मोबाइलवर दिसते. देवळालीच्या ओसरीवर बसून मुंबईच्या दुकानातील गिऱ्हाईक मोजणारे आजोबा ही आजची खरी वस्तुस्थिती आहे. दुकानात बसलेल्या मुलाला मानेवर नजर जाणवते आणि इकडे आजोबांना मुलगा उशिरा आलेला दिसतो. संध्याकाळचा फोन मग भांडणाचा होतो. छावणीतला सैनिक जहाजाची वाट पाहत असे, हे गृहस्थ दुकानातून बोलावणे येण्याची वाट पाहतात.

रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकाच्या अकरा प्रतिमा सांगितल्या आहेत. त्यांतील आठवी आरंभत्याग, म्हणजे व्यापार-उद्योगातील प्रत्यक्ष आरंभ सोडणे. नववी परिग्रहत्याग. दहावी अनुमतित्याग, म्हणजे संसारातील व्यवहारांना संमती वा सल्ला देणेही थांबवणे. देवळालीत राहायला येणारा सामान्य गृहस्थ प्रतिमाधारी नसतो आणि तसा आव त्याने आणूही नये. तथापि या क्रमात मनुष्यस्वभावाची मोठी जाण आहे. दुकान सोडणे सोपे, पैसा सोडणे त्याहून कठीण आणि सल्ला देणे सोडणे सर्वांत कठीण, म्हणूनच ते इतके वर ठेवलेले आहे. ज्यांनी मुलांना सांगितले की विचारलेस तर सांगेन, त्यांची संध्याकाळ शांत जाते. पुष्कळदा मुलेही मग अधिक विचारू लागतात.

नाशिकच्या इतिहासात याचा एक ठळक दाखला आहे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांचे पुत्र थोरल्या माधवरावांशी मतभेद झाले, तेव्हा त्या पुण्याचा कारभार मागे टाकून नाशिकजवळ गंगापूरला गोदाकाठी येऊन राहिल्या. पानिपतात एक पुत्र गेलेला, पुढे माधवराव क्षयाने गेले, नारायणरावांचा वध झाला. एवढे आघात त्यांनी पाहिले. पुण्याच्या राजकारणात ज्यांचा शब्द चाले, अशी ही बाई व्रतवैकल्यांत राहिली. पुढे नातू सवाई माधवराव याने राजाने कसे वागावे याविषयी आजीकडे मार्गदर्शन मागितले, तेव्हा त्यांनी पहाटे उठण्यापासून अभ्यास, कारभार आणि वडीलधाऱ्यांशी वागणुकीपर्यंतची दिनचर्या पत्राने कळवली. ते पत्र आजही मराठी इतिहासाच्या अभ्यासात मोलाचे मानले जाते. मुलाशी तुटलेला धागा नातवापाशी जुळला, आणि तोही मागणी आल्यावर. १७८८ साली नाशिकलाच त्यांचा अंत झाला.

मन सोडवणे एक आणि कागद सोडवणे दुसरे. व्यापारी कुटुंबात नोकरदारासारखे निवृत्तिवेतन नसते. भांडवल पेढीत असते आणि घरखर्च पेढीच्या खात्यातून येतो. देवळालीत घर थाटले, तरी भागीदारीपत्रात नाव तसेच राहते. भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ३२ प्रमाणे निवृत्तीची जाहीर सूचना दिली जाईपर्यंत तिऱ्हाइताच्या दृष्टीने जुना भागीदार जबाबदारच राहू शकतो. त्याहून दुर्लक्षित राहते ती बँकेतील जामीनकी. पेढीच्या कॅश क्रेडिट खात्यावर वडिलांची वैयक्तिक हमी असते आणि बहुधा राहते घरही गहाण असते. माणूस देवळालीला गेला म्हणून हमी सुटत नाही. बँकेला लेखी कळवून, नवा जामीनदार देऊन, हमी मुक्त केल्याचे पत्र हाती घेणे हे सामान बांधण्याच्या आधीचे काम आहे. मुलगा दुखावेल म्हणून ते टाळले जाते. धंदा बरा चालला तर काही बिघडत नाही. न चालल्यास सत्तराव्या वर्षी वसुलीची नोटीस देवळालीच्या पत्त्यावर येते आणि त्या दिवशी दुखावण्यासारखे बरेच अधिक असते.

स्वतःच्या नावाने नियमित उत्पन्न असावे, हेही तितकेच आवश्यक. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठी पूर्ण झालेल्या पती-पत्नीला प्रत्येकी ३० लाख रुपयांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला मिळते. बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवींना ते नाही, तरी अर्धा टक्का जास्त व्याजासाठी आपली मंडळी तिकडे धावतात. आणि मुंबईची जागा मुलाला बक्षीसपत्राने द्यायचीच असेल, तर सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घ्यावी. आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम २३ चा आधार अशा अटीमुळे भक्कम होतो. घरात असे बोलणे अशुभ वाटते, पण वहीत जमाखर्च लिहिणे ज्यांना अशुभ वाटत नाही, त्यांना हे वाटू नये.

निवृत्तीसाठी गाव बदलण्याची कल्पना काही आपलीच नव्हे. अमेरिकेतील पुष्कळ वृद्ध मेक्सिकोच्या समुद्रकाठी, पुएर्तो व्हायार्ता किंवा माझात्लानसारख्या गावांत स्थायिक होतात. हवा उबदार, खर्च कमी आणि घरकामाला माणूस परवडतो, ही कारणे ऐकून देवळालीकरांना परके वाटणार नाही. परंतु तेथे एक मेख आहे. मेक्सिकोच्या संविधानाप्रमाणे समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटर आणि देशाच्या सीमेपासून १०० किलोमीटर पट्ट्यातील जमिनीची थेट मालकी परकीयाला मिळत नाही. त्याला बँकेमार्फत विश्वस्तकरार करावा लागतो. त्याची मुदत ५० वर्षांची असते आणि नूतनीकरण होऊ शकते. शिवाय अमेरिकेची 'मेडिकेअर' ही वृद्धांची आरोग्ययोजना परदेशातील उपचारांचा खर्च साधारणपणे देत नाही. समुद्र पाहून घर घेणाऱ्याला हे दोन्ही उशिरा कळले तर पश्चात्ताप होतो.

देवळालीतही पायाखालची जमीन पाहावी लागते. छावणीच्या हद्दीतील काही जुन्या बंगल्यांची जमीन सरकारी मालकीची असून रहिवाशाचा हक्क बांधकामापुरता असतो. यालाच 'ओल्ड ग्रँट' म्हणतात. सरकारला ती जमीन परत घेण्याचा अधिकार राखलेला असतो. बंगला कितीही देखणा असो, कौलांखालची जमीन विकणाऱ्याचीच नसेल, तर तो विकणार काय? कोणता भूखंड कोणत्या स्वरूपाचा आहे, हे छावणीच्या जनरल लँड रजिस्टरवरून कळते. लगतच्या महानगरपालिका हद्दीत सातबारा किंवा मिळकत पत्रिका चालते आणि नियमही वेगळे. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळ्या कायद्यांची घरे असू शकतात. तीस वर्षांचा शोध वकिलाकडून करून घेण्याला लाजू नये. खरे तर पहिले वर्ष भाड्याच्या घरात काढावे आणि मुंबईची जागा त्या वर्षात विकू नये. परतीची वाट मोकळी असली की मन नव्या गावाचा न्याय नीट करते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून मोटारीने घाट उतरणेही सुकर झाले आहे. २०२७ च्या सिंहस्थात मात्र रस्ते आणि गाड्या यांची परीक्षा होईल, तेव्हा त्या काळातील शस्त्रक्रियांच्या तारखा आधीच ठरवून ठेवाव्यात.

आजारपण हा विषय बोलण्यात शेवटी येतो, प्रत्यक्षात तो रात्री दोन वाजता येतो. दिवसा नाशिकची मोठी रुग्णालये दूर नाहीत. रात्री प्रश्न अंतराचा नसतो, गाडी कोण काढणार याचा असतो. ज्या आवारात चार घरे एकमेकांना ओळखतात, तेथे याचे उत्तर ठरलेले असते. कोणाचा रक्तगट कोणता, कोणाला कोणत्या औषधाची बाधा होते, मुंबईतील मुलाचा क्रमांक काय, हे एका वहीत लिहून शेजाऱ्याकडे ठेवलेले असते. स्वतंत्र बंगल्याच्या हौसेपायी दूरवर घर घेणाऱ्यांना ही सोय मिळत नाही.

आणि दोघांपैकी एक गेल्यावर काय, हा प्रश्न घर घेताना कोणी विचारत नाही. पती मागे राहिला तर तो बहुधा वर्षाच्या आत मुलाकडे परततो. स्वयंपाकघर त्याला परके असते आणि ओळखी पत्नीच्या होत्या. पत्नी मागे राहिली तर ती पुष्कळदा येथेच राहू इच्छिते. तिचे मंदिर, तिचा स्वाध्याय, तिच्या मैत्रिणी येथेच असतात. मुले मात्र आग्रहाने तिला मुंबईला नेतात, बाराव्या मजल्यावर ठेवतात आणि तिची देवळालीची खोली विकायला काढतात. घर दोघांच्या नावावर असेल, बँकखाते 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा' या पद्धतीचे असेल, इच्छापत्र केलेले असेल आणि खात्यावर सही करण्याची तिला सवय असेल, तर निर्णय तिचा राहतो. अशा कित्येक जणी लॅम रोडच्या आसपास एकट्या राहतात. दिवाळीत मुलांकडे जातात आणि जाताना घराची किल्ली समोरच्या दारी ठेवतात, कारण तुळशीला पाणी घालायचे असते.